आबांच्या नावची मूठ

इस्पितळाबद्दल माझी काही तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकते. वडील कॅन्सरने गेले म्हटलं की ऐकणारा लगेच चुकचुकतो आणि डॉक्टरांना दोन शिव्या हासडतो. मला तसं करता येत नाही. डॉक्टरांनी केलं ते बरंच केलं. माझा गळा कापला तो माझ्याच माणसांनी, आणि तोही केसाने. इतकी वर्षं झाली, दादा थकला, आई तर केव्हाच गेली, तरी श्रावण लागला की माझं डोकं फिरतं ते फिरतंच.

इंदूरच्या त्या मोठ्या सरकारी इस्पितळात दर सोमवारी मोठे डॉक्टर वॉर्डात यायचे. रोग्याला तपासून झालं की खाटेशेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे वळून विचारायचे, "घरच्या मंडळींचं समाधान आहे ना?" होळकरी मराठीत, अगदी अदबीने. मी पदर सावरून म्हणायची, "हो." मला तो प्रश्न फार आवडायचा. घरची मंडळी म्हणजे मी, आणि माझं समाधान एवढा मोठा माणूस विचारतो, याने मी दिवसभर फुगलेली असायची. घरची मंडळी म्हणजे मी नव्हते, हे कळायला श्रावण यावा लागला.

माझं माहेर बऱ्हाणपूरजवळच्या शाहपूरचं. केळीचे मळे, बारमाही विहीर, दाराशी बैलजोडी. मला दिलं बऱ्हाणपुरात, सिंधीपुऱ्यात. आमचे हे मराठी शाळेत मास्तर. राज्यं नव्याने जोडण्याची ती वर्षं होती. काल-परवापर्यंत आमचं सगळं नागपूरकडे बघून चालायचं, एके दिवशी उठलो तर राजधानी भोपाळ. यांच्या शाळेतले कागद हिंदीत यायला लागले, वर्गातली मुलं घटायला लागली. घरात कोणी जास्तच आजारी पडलं तर पूर्वी नागपूरला न्यायचे, तिथे आईची मावसबहीण होती, डबा मिळायचा. आता बऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली ती इंदूरची. आम्हाला इंदूर म्हणजे परमुलूख. आबा म्हणाले, "सरकारनं आपल्याले इंदूरले देऊन टाकलं, आता डॉक्टर बी तिकडचाच."

आबा म्हणजे माझे वडील. त्यांचा घसा बसला तो बसलाच. आधी भाकरी अडकायला लागली, मग वरणभात, मग शिकरण. उभं आयुष्य ज्याने केळी पिकवली आणि आगगाडीच्या डब्यांत भरून दिल्लीपर्यंत पाठवली, त्याच्या घशाखाली कुस्करलेलं केळं उतरेना. आबा त्यावरही हसायचे. म्हणायचे, "खूप विकली. आता केळीच मले म्हणून राहिली, बस झालं."

त्यांना घेऊन इंदूरला राहायचं कोणी, हे ठरायला अर्धा तासही लागला नाही. दादा म्हणाला, "आबांजवळ तूच राहा. तुझ्यासारखं त्यांचं कोणी करू नाही शकत." मला मूलबाळ तोवर झालेलं नव्हतं. यांनी हो म्हटलं. मी मनात म्हटलं, बघा, एवढी सून घरात असून शेवटी लेकीचीच आठवण झाली. ट्रंक भरताना मी गुणगुणत होते, हे मला आजही आठवतं आणि माझाच राग येतो.

आता कानबाईचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. खानदेशात, आणि तापीच्या खोऱ्यात आमच्याकडेही, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे लावायचे, नथ घालायची, लुगडं नेसवायचं, की झाली देवी. सोमवारी वाजत-गाजत नदीवर बोळवण. पण खरा मान रोटांचा. घरात जितके पुरुष, अगदी पाळण्यातल्या पोरासकट, तितक्यांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू मोजायचे, ते घरीच दळायचे, त्याच्याच पोळ्या म्हणजे रोट. ते घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे आणि संपवायचे. उरवायचे नाहीत, टाकायचे नाहीत, परक्याला द्यायचे नाहीत. लग्न झालेली लेक परकी. मी रोट खाल्ला तो लहानपणी, तोच शेवटचा.

आमच्या घरची कानबाई खंडली होती. मी लहान असताना काका भर श्रावणात गेले आणि सुतकात सण बुडाला. बुडालेला सण आपल्या मर्जीने पुन्हा सुरू करता येत नाही. त्याच दिवशी घरात मुलगा जन्मावा, नाहीतर दावणीला गाय व्यावी, तेव्हा तो खुला होतो. कित्येक वर्षं वाट पाहिली. दादाला एकामागोमाग मुली झाल्या. आणि आबा आजारी पडायच्या आदल्या श्रावणात, नेमक्या कानबाईच्या रविवारी, वहिनीला मुलगा झाला. गावाने पेढे खाल्ले. कानबाई खुली झाली. पोराच्या नावाची पहिली मूठ आता पुढच्या वर्षी मोजली जाणार होती.

आणखी एक रीत होती आमच्याकडे. मरणाची बातमी घेऊन येणाऱ्याला एकदम बोलू द्यायचं नाही. परगावचा माणूस अवेळी, उतरलेल्या तोंडाने येताना दिसला की त्याला ओट्यावर बसवायचं, पाणी द्यायचं, पीकपाणी विचारायचं. 'कशाला आलास' एवढं सोडून सगळं विचारायचं. चुलीवरचं उतरलं, पोरं जेवली, की मग, "हां, बोल भाऊ." बातमी कानावर पडली की तिथून सुतक, शिजलेलं अन्न बाहेर. न ऐकलेल्या मरणाचं सुतक नसतं. लहानपणी आम्हाला याची मोठी गंमत वाटायची. एकदा दूरची कोणी आत्या गेल्याचं सांगायला आलेला माणूस आमची पंगत उठेपर्यंत कापसाच्या भावावर बोलत बसला होता, आणि आम्ही पोरं त्याची मजा बघत मुद्दाम सावकाश जेवत होतो.

इस्पितळात रोग्याबरोबर घरचं एक माणूस लागायचंच. आमच्यासारख्या बायकांसाठी मागच्या अंगाला पत्र्याची शेड होती. तिथे स्टोव्ह पेटवायचा, पेज करायची, फडक्यातून गाळायची. विजेचा शेक देऊन आबांच्या मानेची कातडी काळवंडली, पण सुरुवातीला घसा जरा सुटला. मग पुन्हा मिटला तो इतका की थेंब उतरेना. तेव्हा नाकातून नळी घातली. दक्षिणेकडच्या एक सिस्टर होत्या, त्यांनी मला शिकवलं. "धीरे, धीरे. एकदम पानी जैसा पतला." पेज आधी मनगटावर टाकून बघायची, नळी उंच धरायची, शेवटी साधं पाणी सोडायचं. पंधरवड्यात मी इतकी तयार झाले की नवीन रोग्याच्या बायकोला सिस्टर माझ्याकडे पाठवायच्या. मोठे डॉक्टर एकदा म्हणाले, "या बाई म्हणजे आमची अर्धी नर्स." अर्धी नर्स! नळी कशी धरायची ते सगळं अर्ध्या नर्सला कळत होतं. फक्त माणूस वाचणार की नाही, तेवढं तिला सांगायचं नव्हतं.

कारण ते बोलणं डॉक्टर पुरुष माणसाशी करायचे. दादा दोन-तीन आठवड्यांनी यायचा. आला की त्याला खोलीत बोलवायचे, दार लोटून घ्यायचे. मी बाहेर आबांचं पातेलं हातात धरून उभी. मला त्यात काही वावगंही वाटायचं नाही. बाहेरचं सगळं बापे बघतात, तसंच हे.

आबांची एकच रट होती. आवाज उरला नव्हता, ओठ हलायचे आणि मी कान त्यांच्या तोंडाशी न्यायची. "मले घरी घेऊन चाल." मी म्हणायची, शेक संपले की लगेच. "कानबाईच्या आधी." हो, कानबाईच्या आधी. "पोराची मूठ मोजताना मले ओट्यावर बसव. दुसरं काही नको." मी त्यांच्या गळ्याची शपथ घेऊन हो म्हटलं. दुखऱ्या गळ्याची शपथ घेतली म्हणून तेही हसले आणि मीही हसले.

आषाढ सरत आला तेव्हा दादा आला. त्या दिवशी खोलीत तो बराच वेळ होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल. मी विचारलं, काय म्हणाले? म्हणाला, "शेक बाकी आहेत अजून. अंगात थोडी ताकद आली की देतो म्हणून राहिले. श्रावण इथेच काढावा लागेल."

"आणि आबांचं कानबाईचं?"

"बघू," तो म्हणाला. मग आबांच्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. मला वाटलं, बापाचे हाल बघवत नाहीत बिचाऱ्याला. मीच त्याची समजूत घातली. त्याला डब्यात भाकरी बांधून दिली, गाडीपर्यंत पोचवून आले.

श्रावण लागला. शेक काही सुरू होईनात. आबांना शेकाच्या खोलीकडे नेतच नव्हते. शेजारच्या खाटांची माणसं जायची, यायची. आबा फक्त दाराकडे बघत पडायचे. नागपंचमी जवळ आली तेव्हा माझ्याच्याने राहवेना. सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "घरच्या मंडळींचं समाधान आहे ना?" आणि मी पहिल्यांदाच हो म्हटलं नाही. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, शेक कधी देणार? एवढे उरकले असते तर मी यांना सणाला घरी नेलं असतं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. मला व्हरांड्यात घेऊन गेले. म्हणाले, "बाई, शेक बंद करून किती तरी दिवस झाले. आता काही उपयोग नाही. तुमच्या बंधूंना मी तेव्हाच सांगितलं होतं की यांना घरी न्या, त्यांचीही तीच इच्छा आहे, नळीतून पाजायला तुम्ही शिकलाच आहात. तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?"

"नाही," मी म्हटलं.

"त्यांनी हात जोडले माझ्यापुढे. म्हणाले, श्रावणातला एक रविवार आहे, तो होईपर्यंत राहू द्या, सोमवारनंतर आम्ही नेतो. मी म्हटलं, तेवढे दिवस मिळतीलच असं सांगता येत नाही. तर म्हणाले, इथे काही झालं तर कळवायची घाई करू नका."

पहिल्यांदा माझ्या काही डोक्यात शिरलंच नाही. मला वाटलं, घरात पाहुणे असतील, रोग्याची सोय होणार नाही म्हणून. मग 'कळवायची घाई करू नका' हे शब्द मी पुन्हा मनात म्हटले, आणि कापसाच्या भावावर बोलणारा तो ओट्यावरचा माणूस डोळ्यांसमोर आला.

आबांनी घरात प्राण सोडला असता तर सुतक. कानबाई पुन्हा खंडली असती, आणि ती ज्याच्या पायगुणाने खुली झाली त्या पोराचं काय? वहिनी तर उघड म्हणायची, देवीनं दिलेलं देवी परत नेते. पण प्राण इंदूरला गेला तर? मधे खंडवा, मधे दोन गाड्या. बातमी येईपर्यंत देवी पाण्यात गेलेली असेल. म्हणून श्रावण इंदूरला. म्हणून मी. जिला रोट चालत नाही, जिच्यावाचून सणाचं काही अडत नाही, ती मोकळी लेक. 'तुझ्यासारखं त्यांचं कोणी करू नाही शकत.' एवढा राग मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा आला नाही. दादाचा आला, आणि दाराआड बोलून मला अंधारात ठेवणाऱ्या त्या डॉक्टरांचाही आला. ते म्हणाले, "आमच्याकडे पुरुष माणसालाच सांगायची रीत आहे." मी म्हटलं, "मग नळी पण त्यांनाच शिकवायची होती." डॉक्टर ओशाळले, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

मी यांना तार केली. हे आले. शुक्रवारी आम्ही आबांना इस्पितळातून काढलं. सिस्टरांनी नवी नळी घालून दिली, वाटेसाठी पाणी उकळून दिलं. निघताना मोठे डॉक्टर सवयीने म्हणाले, "आमच्याकडून समाधान?" मी म्हटलं, "तुमच्याकडून हो."

इंदुराहून खंडव्याला छोटी गाडी, तिथे बदलून बऱ्हाणपूर. डब्यातल्या लोकांनी एक अख्खं बाकडं मोकळं करून दिलं. आबा मांडीवर डोकं ठेवून होते. केळीचे मळे दिसायला लागले तसे त्यांनी मला हाताने खुणावलं, उचल. मी टेकवून बसवलं. ते मळ्यांकडे बघत राहिले आणि माझ्या हातावर बोटाने टकटक करत राहिले, घड तयार झाला का ते बघताना करायचे तसं. मी बोलून गेले, "बघा, आणलं की नाही कानबाईच्या आधी?"

शनिवारी आम्ही उतरलो तेव्हा त्यांच्यात पुढे शाहपूरपर्यंत जायचं त्राण नव्हतं. टांगा करून सिंधीपुऱ्यात आमच्या घरी नेलं. म्हटलं, दुपारभर पडू देत, मग गाडी मागवू. हे सायकलवर शाहपूरला गेले आणि दादाला घेऊनच परत आले.

दादा दारात आला तो हात जोडूनच. आबांच्या उशाशी बसला. म्हणाला, "आबा, दोन दिवस. फक्त दोन दिवस बहिणीकडे थांबा. कानबाई बोळवली की सोमवारी मी स्वतः गाडी घेऊन येतो. गादी टाकून, हळूहळू नेतो तुम्हाले."

मी भिंतीला टेकून उभी होते. आता आबा काय करतात ते बघत होते. आमच्या घरात आबांच्या शब्दापुढे शब्द नव्हता. त्यांनी नुसता हात वर केला असता तर दादाने त्यांना पाठुंगळीवर नेलं असतं. आबांनी ओठ हलवले. दादाला कळेना. मी कान नेला आणि सांगितलं, "विचारतायत, माझी मूठ मोजून राहिले ना?"

"मोजतो ना आबा. सगळ्यात आधी तुमची."

आबांनी डोळे मिटले आणि बोटांनी खूण केली, जा. ती परवानगी होती की त्यांनी सगळ्यावर पाणी सोडलं होतं, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. दादा मात्र परवानगी मिळाली म्हणूनच उठला.

मी त्याला बोळात गाठलं. म्हटलं, "त्यांनी एवढंच मागितलं होतं रे. ओट्यावर बसायचं."

"मले काय दगड समजून राहिली का तू?" तो म्हणाला. "पण पोराचा विषय आहे."

"आणि बापाचा?"

"तुले पोरगा नाही वं. तुले नाही समजणार."

माझा सख्खा भाऊ. माझ्या लग्नात मांडवाच्या खांबाला धरून रडलेला. मी आत आले. दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी मी पेज गाळून आणली, मनगटावर टाकून पाहिली. नळी उंच धरली. पेज खाली जाईना. म्हटलं, नळी दुमडली असेल. सरळ केली, पुन्हा धरली. मग आबांच्या तोंडाकडे पाहिलं. नळी ठीक होती.

हे लगेच सायकल काढून शाहपूरला गेले. अग्नी द्यायला मुलगा हवा, आईला आणायला हवं. दुपारपर्यंत येतील, असा माझा हिशेब. शेजारपाजारच्या बाया येऊन बसल्या. मी आबांच्या नाकातली नळी काढली, स्वच्छ धुतली आणि ठेवून दिली. का धुतली कोण जाणे, सवय झाली होती. दुपार झाली, कलली. श्रावणातली उमस, आबांभोवती उदबत्त्या आणि कडुलिंबाचा पाला. येणारा-जाणारा विचारायचा, मुलगा आला का? मी म्हणायची, येतोय.

दिवेलागणीला हे एकटेच आले. सायकल भिंतीला लावली आणि तिच्याजवळच उभे राहिले.

"सांगितलं ना तुम्ही?" मी विचारलं.

"सांगू दिलं तर ना," हे म्हणाले. "घराअलीकडच्या विहिरीपाशीच तुझे चुलतभाऊ उभे होते. मला पाहिलं आणि म्हणाले, या जावईबापू, बसा. खाट टाकली. चहा आणला. शाळेचं विचारलं, भोपाळचं विचारलं. मी तोंड उघडलं की एक जण म्हणायचा, चहा घ्या आधी. दादा लांबून बघून गेला. पण का आलात, हे एका माणसाने विचारलं नाही."

"मग ओरडून सांगायचं!"

"घरातून गाणी ऐकू येत होती," हे म्हणाले. एवढंच. आमचे हे असेच, वर्गातल्या पोरावरही कधी आवाज चढवला नाही. त्या दिवशी मला त्यांचाही राग आला, आणि तो मात्र पुढे विरला.

आबा रात्रभर तसेच होते. सोमवारी देवी नदीत सोडून झाल्यावर दादा आला. विहिरीवर तोंड धुतलं असावं, कपाळ स्वच्छ होतं, पण कानामागे गुलाल राहिला होता. आल्या आल्या त्याने जो हंबरडा फोडला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला. तो खोटं रडत नव्हता. खोटं रडला असता तर मला सोपं गेलं असतं.

आईला गाडीतून उतरवलं. सणाची नवी हिरवी काकणं हातभर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आदल्या दिवसापासून ती विधवा होती आणि अंगावर सवाष्णीचा सगळा साज. बायकांनी माझ्याच ओसरीवर तिची काकणं फोडली. मला भडभडून आलं. वाटलं, मला एकटीलाच नाही, हिलाही फसवलं. आणि खरं सांगते, त्या दुःखातही मला आधार वाटला. घरात निदान एक माणूस तरी माझ्या बाजूचं होतं.

त्याच आधारावर मी तेरावं होईपर्यंत शाहपुरात राहिले. दादाशी बोलत नव्हते. पाळण्यातल्या पोराकडे बघतही नव्हते, त्या बिचाऱ्याचा काय दोष. पाहुणे गेले, भांडी घासून पालथी पडली. आई स्वयंपाकघरात डाळ निवडत बसली होती, मी तिच्यापाशी जाऊन बसले. माझ्या मनात एक प्रश्न कधीचा अडकून होता. तो दुसऱ्या कोणाला विचारता येण्यासारखा नव्हता.

"आई, आबांची मूठ मोजली होती?"

"मोजली. सगळ्यात आधी."

"म्हणजे त्यांच्या नावचे रोट झाले."

"झाले."

ती खडे वेचत राहिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "जावईबापूंनी चहा नाही घेतला त्या दिवशी. तसाच थंड झाला."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मी आरती घेऊन दारात आली होती ना. विहिरीपाशी दिसले. खाटेवर बसून होते, सायकल निंबाले टेकवली होती. माझ्याकडंच पाहत होते." तिने ताटातली डाळ एका बाजूला ओढली. "मग समजलं मले."

"समजलं, आणि मग?"

"मग काय वं. आत गेली. आरती फिरवली."

बाहेर दादाच्या मुली खेळत होत्या. पाळण्याची दोरी कुरकुरत होती. मला वाटलं, इथून उठावं आणि पायीच बऱ्हाणपूर गाठावं. पण उठले नाही. म्हटलं, "आबांच्या नावचे रोट कोणी खाल्ले?"

"मीच खाल्ले. उरवता येत नाहीत ते, तुले तर माहीत आहे."

"उतरले घशाखाली?"

आईने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"उतरले," ती म्हणाली, आणि ताट पुन्हा पुढे ओढून डाळ निवडायला लागली.